अप्रकाशित ध्वनिमुद्रणांचा अल्बम काढताना या चुका टाळा

गायकाची जुनी रिळं हाती आली की पहिली घाई होते ती ऐकण्याची, आणि न भरून येणारं नुकसान बहुतेक वेळा त्या घाईतच होतं.

रीळ आलं की लगेच यंत्रावर

१९७० आणि ८०च्या दशकातल्या, मागच्या बाजूला काळा लेप असलेल्या अनेक टेपांतलं चिकटद्रव्य वर्षानुवर्षं ओलावा शोषून मऊ पडतं. अशी टेप फिरताना किंचाळते, अडकत चालते आणि हेडवर, म्हणजे यंत्राच्या टेप वाचणाऱ्या भागावर, तपकिरी राळ साठते. ती राळ म्हणजे सोलून निघालेलं गाणं आहे. आवाज आला की त्याच क्षणी थांबा, ‘एवढं गाणं होऊ दे’ म्हणू नका. ही टेप नियंत्रित यंत्रात साधारण ५४ अंश सेल्सिअसवर बेक करतात. पाव इंची टेपला निदान ८ तास लागतात, रुंद टेपला जास्त. पूर्ण थंड झाल्यावरच लावायची. काही आठवडे ती नीट चालते, म्हणून डिजिटल प्रत काढायची तयारी आधीच ठेवा. स्वयंपाकघरातला ओव्हन वापरू नका, त्याचं तापमान वरखाली होतं.

त्याआधी रीळ उजेडासमोर धरून पाहा. टेपच्या थरांतून उजेड आरपार दिसला तर ती जुन्या प्रकारच्या प्लास्टिकची, म्हणजे अ‍ॅसिटेटची आहे. तिला व्हिनेगरसारखा वासही येऊ शकतो. ती कधीही बेक करू नका.

खोक्यावरच्या चिठ्ठीवर भरवसा

खोकी अदलाबदल होतात, त्यामुळे वेग (सेकंदाला ७½, १५ की ३० इंच), ट्रॅकची मांडणी आणि डॉल्बी (खरखर दाबण्याची पद्धत) वापरलंय की नाही, हे टेपवरूनच ठरवा. डॉल्बीत घेतलेली टेप उलगडणी न करता वाजवली की ती चरचरीत, उजळ लागते. ऐकणारा मग तिचा ट्रेबल (उंच पट्टीतला आवाज) उतरवतो, आणि चूक कायमची मुरते.

वेग तपासायला शांत जागेतली विजेची गुणगुण उपयोगी पडते. मुद्रण झालं तिथली वीज ५० हर्ट्झची असेल आणि गुणगुण ५१ वर दिसत असेल, तर टेप २ टक्के जलद चालते आहे, म्हणजे आवाज अर्ध्या स्वराच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याने चढलाय. विजेची वारंवारताही थोडी हलते, म्हणून सोबतचं पियानोसारखं स्थिर वाद्यही मोजून घ्या.

प्रत्येक रिळाला हेडचा कोन, म्हणजे अझिमथ, नव्याने जुळवा. सुरुवातीला १० किलोहर्ट्झचा टोन असेल तर सोपं जातं. नसेल तर दोन्ही चॅनल एकत्र करून ट्रेबल सर्वांत स्वच्छ येईपर्यंत फिरवा. नोंद २४ बिट, ९६ किलोहर्ट्झवर घ्या आणि या फाइलवर कुठलीही सफाई करू नका. टेकच्या, म्हणजे एकाच गाण्याच्या वेगवेगळ्या मुद्रणांच्या, मधलं बोलणंही कापू नका. ‘हा ठेवा’ किंवा ‘पुन्हा घेऊ’ हे गायकाचे शब्द तिथेच सापडतात, आणि कोणता टेक घ्यावा यासाठी त्याहून भक्कम पुरावा नाही.

जास्तीची सफाई

खरखर काढताना सॉफ्टवेअरमध्ये ‘फक्त काढलेला आवाज’ ऐकण्याची सोय असते, ती जरूर वापरा. त्यात ‘स’, ‘श’ किंवा विरत जाणाऱ्या स्वराची शेपटी ऐकू आली, तर तुम्ही खरखरीबरोबर गायकालाही काढताय. एकदम १२ डेसिबल ओढण्यापेक्षा ३-४ डेसिबलच्या हलक्या फेऱ्या बऱ्या. श्वास राहू द्या.

सूर सुधारण्याचं सॉफ्टवेअर इथे लावूच नये, असं आमचं ठाम मत आहे. गायक हयात नसेल तर ‘हे असं नको’ म्हणायला कुणीच नसतं. दोन टेक जोडून गाणं पूर्ण केलं असेल, तर ते पुस्तिकेत स्पष्ट छापा.

हक्कांची चौकशी शेवटी

रीळ कपाटात असणं म्हणजे हक्क असणं नव्हे. ध्वनिमुद्रणाची मालकी वेगळी, शब्द-चालीचे हक्क वेगळे. स्टुडिओचे पैसे कुणी दिले, करार तेव्हा कुणाशी होता, वादकांना कोणत्या अटींवर बोलावलं होतं, हे मिक्सला हात लावण्याआधी कागदावर आणा. ‘अप्रकाशित’ लिहिलेलं गाणं वेगळ्या नावाने आधीच निघालेलं असू शकतं, तेव्हा नावावर न जाता शब्द आणि लांबी ताडून पाहा.

सगळी गाणी एकाच जोराची

घरी एकट्याने गायलेला नमुना आणि पूर्ण वाद्यमेळाचं गाणं मीटरवर सारखं केलं, तर नमुना कानाशी ओरडतो. पातळी मीटरवर नाही, गायकाच्या आवाजावर जुळवा. एलपी काढायची असेल तर एक बाजू २० मिनिटांच्या आसपास ठेवा. त्यापुढे आवाजाची पातळी उतरवावी लागते.

मूळ रिळांची हेळसांड

काम संपल्यावर टेप झपाट्याने गुंडाळू नका. वाजवण्याच्या वेगाने, शेवट बाहेर राहील अशी गुंडाळा आणि रीळ उभं ठेवा. शेजारच्या थरातून उमटणारा पडसाद मग प्रामुख्याने स्वराच्या नंतर येतो आणि स्वराखाली बराचसा झाकला जातो.