खाडीचं पाणी तपासायचं तर आधी भरती-ओहोटी बघा

खाडीच्या पाण्याचा कुठलाही अहवाल हातात आला की आधी एकच रकाना शोधावा: नमुना भरतीला घेतला की ओहोटीला? तो रिकामा असेल तर बाकीचे आकडे कितीही नेटके छापलेले असले तरी त्यावरून काही ठरवता येत नाही. नदी एका दिशेने वाहते. खाडीचं पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा उतरतं. सकाळी जिथे समुद्र होता तिथे दुपारी नाला असतो.

इथली पद्धत ठाणे खाडी डोळ्यांसमोर ठेवून दिली आहे. साधारण २६ किलोमीटर लांबीची ही खाडी उत्तरेला ठाण्याजवळ चिंचोळी होते आणि उल्हास नदीशी जोडली जाते, दक्षिणेला मुंबई बंदरात रुंद होऊन मिसळते. दोन्ही काठांवरून मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईचे नाले तिच्यात उतरतात. २०१५ साली तिचा काही भाग फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ साली तिला रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, असा दर्जा मिळाला. त्यामुळे अभयारण्यात किंवा खारफुटीत शिरण्याआधी वनविभागाच्या कांदळवन कक्षाची लेखी परवानगी घ्या. पूल, जेट्टी आणि बंधाऱ्यावरूनही बरंच काम होतं, सुरुवात तिथूनच करावी.

वेळ आणि जागा

भरतीचं छापील कोष्टक हाताशी नसेल तर कोळीवाड्यातला जुना हिशेब चालतो: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते. पंचमीला पाच पाऊणे पावणेचार, म्हणजे पावणेचारच्या सुमारास भरती आणि त्यानंतर सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. यात अर्धा-पाऊण तासाची चूक धरूनच चला. शिवाय ही वेळ खाडीच्या मुखाशी. आत टोकाला भरती उशिरा पोचते. तो उशीर आपल्या जागेवर एकदा मोजून ठेवायचा: सेंटिमीटरच्या खुणा केलेली काठी पाण्यात पक्की रोवा, दर दहा मिनिटांनी पाण्याची पातळी लिहा आणि पाणी चढायचं थांबलं ती वेळ कोष्टकाशी ताडून बघा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला) एकदा आणि भांगाच्या (अष्टमीच्या सुमाराच्या लहान) भरतीला एकदा, असं दोनदा करा, कारण दोन्ही वेळचा उशीर सारखाच असेल असं नाही.

प्रत्येक ठिकाणी एका दिवसात दोन नमुने घ्या. पहिला भरतीच्या शेवटच्या तासात. त्यात समुद्राकडून काय येतंय ते कळतं. दुसरा ओहोटी लागल्यावर चौथ्या-पाचव्या तासात. नाल्यांचं पाणी त्यात सर्वांत स्पष्ट दिसतं. अगदी तळाच्या ओहोटीची वाट पाहू नका, होडी चिखलात बसते आणि सहा तास तिथेच काढावे लागतात. महिन्यातून एकदा जमत असेल तर दर वेळी तिथी तीच ठेवा. एका महिन्यात अष्टमी आणि पुढच्या महिन्यात अमावास्या झाली तर दोन नमुन्यांतला फरक प्रदूषणाचा की उधाणाचा, ते सांगता येत नाही. मुंबईत उधाणाला भरती-ओहोटीतला फरक ४ मीटरच्या वर जातो आणि तळाचा गाळ इतका ढवळतो की पाणी चहासारखं दिसतं. नुसत्या गढूळपणावरून खाडीला नावं ठेवू नयेत.

ठिकाणं कमीत कमी तीन हवीत: एक मुखाकडचं, एक मधलं, एक नाला मिळतो त्याच्या वरच्या अंगाला. नाल्याच्या तोंडातच बाटली बुडवली तर नाल्याची तपासणी होते, खाडीची नाही.

बाटली

पृष्ठभागाचं पाणी बादलीने काढता येतं, पण खाडीत गोडं पाणी वर तरंगतं आणि खारं जड पाणी खाली राहतं. पावसाळ्यात तर वरचा हात-दोन हात थर जवळजवळ गोडा असतो. म्हणून तळापासून अर्धा मीटर वरचं पाणीही हवं.

वजन बांधलेली, बुचाला दोरी लावलेली बाटली सगळेच करतात. दोरी ओढली की बूच निघतं, पाणी आत शिरतं. खारेपणासाठी ती ठीक आहे, पण ऑक्सिजनसाठी कुचकामी: पाणी आत जाताना त्याच तोंडातून हवा बुडबुडत बाहेर पडते आणि तेवढ्यात पाण्यात ऑक्सिजन मिसळतो. यावर उपाय सोपा आहे. दीड-दोन लिटरची रुंद तोंडाची बरणी घ्या आणि तिच्यात ३०० मिलिलिटरची बीओडी बाटली (ऑक्सिजन तपासायची काचेची बाटली) उभी बसवा. बरणीच्या रबरी बुचाला दोन भोकं पाडा. एका भोकातली नळी बीओडी बाटलीच्या तळापर्यंत जाऊ द्या. दुसऱ्या भोकातली नळी बुचाच्या आतल्या बाजूला जेमतेम बाहेर ठेवा आणि वर हातभर जाऊ द्या. बरणीला खाली दोन-तीन किलोचं वजन बांधा. पाणी आधी छोट्या बाटलीच्या तळाशी येतं, ती भरून वाहते, मग बरणी भरते. बाटलीतलं पाणी अशा रीतीने चार-पाच वेळा बदलतं आणि शेवटी उरतं त्याला हवेचा स्पर्श झालेला नसतो. बरणी झपाट्याने सोडा, हळूहळू सोडली तर वरचंच पाणी भरत जातं.

ऑक्सिजन

सगळ्या चाचण्यांत एकच करायची तर ही करा. विंकलर पद्धत जुनी आहे, पण वीज लागत नाही आणि नीट केली तर मीटरपेक्षा जास्त भरवशाची ठरते.

बाटली पूर्ण भरलेली, एकही बुडबुडा नको. पिपेटचं टोक पाण्याखाली ठेवून २ मिलिलिटर मॅंगनीज सल्फेट सोडा, दुसऱ्या पिपेटने २ मिलिलिटर अल्कलाइन आयोडाइड-अझाइड. बूच लावा आणि पंधरा वेळा उलटसुलट करा. साका तपकिरी आला तर ऑक्सिजन आहे, पांढराशुभ्र राहिला तर जवळजवळ नाहीच, आणि ओहोटीला नाल्याजवळ असा पांढरा साका दिसणं अशक्य नाही. खाऱ्या पाण्यात साका सावकाश बसतो, घाई करू नका. तो अर्ध्यावर उतरला की २ मिलिलिटर तीव्र सल्फ्युरिक आम्ल घाला, पुन्हा बूच लावून हलवा. साका विरघळून पाणी सोनेरी होतं. एवढं काम काठावरच उरकायचं, हातमोजे आणि चष्मा लावून. असं बांधून ठेवलेलं पाणी उन्हापासून झाकलं तर काही तास टिकतं.

घरी किंवा प्रयोगशाळेत त्यातलं २०३ मिलिलिटर पाणी मोजून घ्या. २०० नव्हे, कारण पहिल्या दोन रसायनांनी बाटलीतलं ४ मिलिलिटर पाणी बाहेर सांडलेलं असतं. ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेट थेंबथेंब सोडा. रंग वाळलेल्या गवतासारखा फिका झाला की स्टार्च घाला, पाणी निळं होईल. निळा रंग जाईपर्यंत जितके मिलिलिटर लागले तितके मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. थोड्या वेळाने निळा परत आला तर त्याकडे लक्ष देऊ नका.

इथे दोन चुका हमखास होतात. थायोसल्फेट ठेवून ठेवून कमजोर होतं, मग ते जास्त लागतं आणि ऑक्सिजन आहे त्यापेक्षा चांगला दिसतो. आठवड्याला एकदा त्याची ताकद ताडून घ्या. दुसरी चूक मीटरवाल्यांची: डीओ (विरघळलेला ऑक्सिजन) मीटरमध्ये खारेपणाचा आकडा भरायचा असतो, तो शून्यावरच राहिला तर समुद्राच्या पाण्यात वाचन सुमारे २० टक्क्यांनी जास्त येतं. मात्र सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या काळ्या पाण्यात मीटरच वापरा. तिथला सल्फाइड आयोडीन खाऊन टाकतो आणि विंकलर चुकतं.

आकडा आला की लगेच टक्केवारी काढा. ३० अंश सेल्सिअसला गोडं पाणी साधारण ७.५ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरू शकतं, समुद्राचं ६.२. म्हणजे ४ मिलिग्रॅम हा एकच आकडा भरतीच्या खाऱ्या पाण्यात ६० टक्क्यांच्या वर जातो आणि ओहोटीच्या जवळजवळ गोड्या पाण्यात ५५ च्या खाली येतो. पोहणं आणि व्यापारी मासेमारी यांसाठी ठरवलेल्या एसडब्ल्यू-२ या समुद्री पाण्याच्या वर्गात ऑक्सिजन किमान ४ मिलिग्रॅम किंवा ५० टक्के हवा, पीएच ६.५ ते ८.५, बीओडी (घाण कुजवताना जिवाणू वापरतात तो ऑक्सिजन) जास्तीत जास्त ३ मिलिग्रॅम आणि १०० मिलिलिटरमध्ये फीकल कोलिफॉर्म (मैल्यातले जिवाणू) १०० पर्यंत. वेळेचाही हिशेब ठेवा: पहाटे ऑक्सिजन सर्वांत कमी असतो. दुपारी शंभर टक्क्यांच्या बराच वर गेला तर खूश होऊ नका, शेवाळ माजल्याची ती खूण आहे.

खारेपणा आणि अमोनिया

खारेपणासाठी हातातला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वळतो त्यावरून खारेपणा दाखवणारं साधन) पुरे. दर वेळी आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवा. पिण्याच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले क्षार) पेन इथे निरुपयोगी, तो लगेच मर्यादा ओलांडून नुसतं भलतंच दाखवतो.

खारेपणा हा या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत कामाचा आकडा. समजा मुखाशी हजारी ३४ आणि तुमच्या ठिकाणी हजारी १८ आला. म्हणजे तिथलं जवळपास निम्मं पाणी नाल्यांचं आणि नदीचं. आता एका दिवसाच्या सगळ्या नमुन्यांचा आलेख काढा: आडव्या अक्षावर खारेपणा, उभ्यावर अमोनिया. ठिपके एका सरळ रेषेत पडले तर वरून आलेलं पाणी समुद्राच्या पाण्यात नुसतं मिसळतंय. एखाद्या ठिकाणाचा ठिपका रेषेच्या बराच वर गेला तर तिथे मध्येच काहीतरी सोडलं जातंय. महिनोन्‌महिने एकाच जागी ठिपका वर राहिला तर शोध त्या काठावर घ्यायचा.

अमोनियाचं किट खाऱ्या पाण्यासाठीचंच, सॅलिसिलेट प्रकारचं घ्या. नेसलर रसायन खाऱ्या पाण्यात गढूळ होतं, शिवाय त्यात पारा असतो, तो मोरीत ओतता येत नाही. पीएच सोबत मोजाच. अमोनिया तेवढाच असला तरी पीएच ८ ला त्यातला विषारी भाग सुमारे ६ टक्के असतो, ९ ला ४० टक्क्यांच्या आसपास जातो. मासे त्या फरकाने मरतात.

प्रयोगशाळेकडे देताना

जिवाणूंसाठी निर्जंतुक बाटली, तोंड प्रवाहाकडे, वर दोन बोटं हवा सोडून भरलेली. बर्फाच्या पेटीतून ६ तासांत पोचवा. फीकल कोलिफॉर्मबरोबर एन्टेरोकॉकसही (तेही मैल्यातलेच जिवाणू) मागा, खाऱ्या पाण्यात ते जास्त काळ तग धरतात. बीओडी २७ अंशांना ३ दिवसांची असते, हे अहवालात लिहिलंय का बघा.

सीओडी (रसायनाने मोजलेली ऑक्सिजनची गरज) मात्र मागू नका, किंवा मागितलीच तर नमुना खारा आहे हे बाटलीवर ठळक लिहा. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असतं आणि ते चाचणीतल्या डायक्रोमेटशी अभिक्रिया करतं. प्रदूषण नसतानाही सीओडी भरमसाट येते. पेपरात छापून आलेले धक्कादायक सीओडी आकडे याच वाटेने आलेले असू शकतात. पिण्याच्या पाण्यासाठीची, मैल्यातले जिवाणू असले की काळी होणारी एचटूएस कुपीही इथे नको, खाडीच्या गाळातला सल्फाइडच ती काळी करतो.

चिखल वाचणं

पाणी त्या घटकेचं सांगतं, चिखल गेल्या काही महिन्यांचं. ओहोटीच्या आधी एक तास आणि नंतर एक तास एवढाच वेळ मिळतो. गमबूट घालू नका, चिखलात रुततात आणि पाय निघत नाही. बांधून घट्ट बसणारे बूट घाला. सोबत फळी न्या. पायाला जखम असेल तर उतरूच नका.

१० सेंटिमीटर व्यासाचा पीव्हीसी पाइप चिखलात वीतभर खोचून वर काढा. वरचा तपकिरी थर किती जाड आहे ते मोजा. खाली काळा चिखल असतोच, त्याने घाबरू नका. काळा थर अगदी वरपर्यंत आला तर मात्र बिघडलंय. तो गाळ अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीत धुवा. शिंपले, गोगलगायी, वेगवेगळे कृमी मिळाले तर ठीक. एकाच जातीचे बारीक लालसर कृमी शेकड्याने आणि बाकी काहीच नाही, तर मैला साचतोय.

५० सेंटिमीटर चौरसाची चौकट टाकून चिंबोऱ्यांची बिळं मोजा. निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) दुरूनच, दहा मिनिटं निश्चल बसून मोजायच्या. तिवरांची पानं पावसाळा सरता सरता अचानक जाळीदार होऊन झाडं खराट्यासारखी दिसली तर आधी पानांवर अळ्या आहेत का पाहा. सागाची पानं खाणारी अळी तिवरांवरही तुटून पडते आणि पुढे पालवी परत फुटते. ते प्रदूषण नव्हे.

मासे मेलेले दिसले तर

असं बहुतेक वेळा पहाटे किंवा पहिल्या मोठ्या पावसाच्या लोंढ्यानंतर घडतं. मासे मोजत बसण्याआधी ऑक्सिजनचा नमुना बांधा, मेलेल्या जागी एक आणि वरच्या अंगाला एक. एक लिटर पाणी काचेच्या बाटलीत भरून बर्फात ठेवा. तोंड उघडं टाकून धापा टाकणारा, अजून जिवंत असलेला मासा मिळाला तर तो फॉइलमध्ये गुंडाळून गोठवा, फुगलेल्या माशातून काही कळत नाही. वेळ दिसेल असे फोटो काढा.

तुमचा आकडा न्यायालयात पुरावा ठरत नाही. १९७४ च्या जल अधिनियमाच्या कलम २१ प्रमाणे नमुना प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्यानेच, ठरलेल्या रीतीने घ्यावा लागतो. म्हणून मंडळाला पाठवायच्या अर्जात तुमच्या नोंदींतून निघालेली जागा, तिथी आणि ओहोटीचा तास स्पष्ट लिहा, आणि नमुना त्याच तासाला घ्यावा अशी मागणी करा. अधिकारी कचेरीच्या वेळेत अकरा वाजता आले आणि नेमकी भरती असली तर अहवाल स्वच्छ येणार.