पत्र्यामागे दोन हवा मिसळत नाहीत? केळी पिकवणाऱ्यांनो, या चुका टाळा

मे महिन्यात सावद्याकडच्या एका रायपनिंग चेंबरमध्ये, म्हणजे केळी पिकवायच्या बंद खोलीत, मी फणी हातात घेतली. साल हिरवी, आत गर मऊ पडलेला. शेजारच्या रांगेतला माल मात्र छान पिवळा होत होता. माल एकाच बागेतला, पिकवण्याचा इथिलीन गॅसही तोच. केळीला २४-२५ अंशांच्या वर ऊब लागली की साल रंग धरत नाही, गर तेवढा मऊ होतो. म्हणजे एका बाजूला गरम हवा जात होती. चेंबर १७ अंशांवर लावलेलं, पण बाहेरची ४४ अंशांची ताजी हवा आणि आतली परतीची हवा डक्टमध्ये (हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या नळीत) मधल्या पत्र्याच्या दोन बाजूंनी येत होत्या आणि पुढेही तशाच वेगवेगळ्या जात होत्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ‘पत्रा संपला की हवा आपोआप मिसळेल’ हे गृहीत धरणं. दोन हवांच्या सीमेवर भोवरे उठतात, मिसळायचं काम तेच करतात, आणि त्यांना बळ मिळतं ते वेगातल्या फरकातून. एकीचा वेग सेकंदाला ४ मीटर आणि दुसरीचा २ असला, तर मिसळलेला पट्टा दर मीटरला जेमतेम १०-१२ सेंमी रुंदावतो. ६० सेंमीच्या डक्टला ५-६ मीटर सरळ लांबी लागेल. आपल्याकडे दीड मीटरवरच हवा थंड करणारी कॉईल येते! दोन्ही वेग सारखे ठेवले तर मिसळणं आणखीच मंदावतं.

पत्र्याची कड सरळ सोडू नका. दर १० सेंमीवर काप देऊन पट्ट्या आलटून पालटून वर-खाली, साधारण २० अंशांत वाकवा. मग प्रवाहाच्या दिशेनं पीळ घेत जाणारे भोवरे तयार होतात आणि थोड्या अंतरात हवा एकजीव होते. काही टर्बोफॅन विमान इंजिनांत गरम-थंड प्रवाह मिसळायला अशीच झालरीची कड असते. जास्त वाकवलंत तर फॅनवर भार येतो.

गरम हवा वरून आणू नका, ती वरच तरंगत राहते. ती खालून घ्या.

आणि सेन्सर पत्र्याला लागून बसवू नका, तिथे तो एकाच हवेचं तापमान सांगतो. माल भरण्याआधी, इथिलीन सोडण्याच्याही आधी, पत्र्याच्या कडेला उदबत्ती धरून बघा. धूर सरळ रेघेत गेला, तर कडेचं काम अजून बाकी आहे.