एकदाच वाचा, मग मुलाला सांगू द्या: शार्लट मेसन यांची पद्धत घरी कशी वापराल

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कुणी मुलांना घरीच शिकवायचं ठरवलं की पहिला प्रश्न येतो, "अभ्यासक्रमाचा कुठला संच मागवू?" माझं म्हणणं असं, की आधी काहीच मागवू नका. शार्लट मेसन या इंग्रज शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धत कुणासाठी उभी राहिली ते समजून घ्या, म्हणजे काय घ्यायचं आणि काय सोडायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल.

मेसनबाईंनी इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला पालकांसमोर व्याख्यानं दिली. ती 1886 साली 'होम एज्युकेशन' या पुस्तकात आली. पुढच्याच वर्षी तिथे पालकांची संघटना सुरू झाली आणि 1891 मध्ये टपालाने चालणारी शाळा. मग बाई लेक डिस्ट्रिक्टमधल्या अँबलसाइडला स्थायिक झाल्या. तिथून दर सत्राला घरोघर पत्रक जायचं: कोणती पुस्तकं, त्यातली किती पानं, आणि सत्राच्या शेवटी परीक्षेचे प्रश्न. उत्तरपत्रिका उलट टपालाने अँबलसाइडला जायच्या. लहानग्यांची तोंडी उत्तरं घरचं मोठं माणूस लिहून घ्यायचं. थोडक्यात, शिक्षणतज्ज्ञ दूर गावी आणि मुलासमोर एकटी आई, हे गृहीत धरूनच सगळी आखणी झाली होती. अमेरिकेतल्या ख्रिस्ती कुटुंबांनी 1980 च्या दशकात ती पुन्हा उचलली. आजचे महागडे संच त्यानंतरचे. त्यांच्यावाचून काही अडत नाही.

सुरुवात सांगण्यापासून करा. चांगल्या भाषेतला एक उतारा घ्या, सावकाश आणि एकदाच वाचा. पुन्हा वाचायचं नाही. पुन्हा वाचून मिळणार हे ठाऊक झालं की मूल पहिल्यांदा कान देत नाही. मग पुस्तक मिटा आणि म्हणा, "सांग बघू."

बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 13 व्या अध्यायातला, येशूने सांगितलेला पेरणाऱ्याचा दाखला वाचला तेव्हा माझ्या धाकटीने सांगितलं, "एक माणूस पेरायला गेला. थोडं बी वाटेवर पडलं, ते पाखरांनी खाल्लं. खडकावरचं पटकन उगवलं, पण ऊन लागलं नि करपलं. चांगल्या जमिनीतलं शंभरपट आलं." काटेरी झुडपं राहून गेली. अशा वेळी ओठ घट्ट मिटून बसायचं. मध्ये टोकलं की मूल गोष्ट सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघू लागतं. तिचं संपल्यावर थोरला म्हणाला, "आणि काट्यांतलं?" मग काटे म्हणजे काय यावर दोघांचं छान बोलणं झालं. प्रश्न मुलांकडून आला की धडा लागतो.

वेळेचं सोपं आहे. सहा वर्षांआधी रीतसर धडे नकोत, मूल बाहेर मातीत असू द्या. त्यानंतरही आठ-नऊ वर्षांपर्यंत एक धडा 20 मिनिटांच्या वर जाऊ नये आणि सगळा अभ्यास सकाळीच उरकावा. दुपार फिरायला, हातकामाला. निसर्गाची वही प्रत्येकाची वेगळी ठेवा. दयाळ कुठल्या फांदीवर बसला, बहाव्याला पहिला घोस कधी आला, ते मुलाने स्वतः पाहून तारखेसकट टिपावं, रंगवावं. त्या वहीत लाल पेन चालवायचं नाही.

आता श्रद्धेचं. इथे मला मेसनबाई सर्वांत जवळच्या वाटतात. फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमधल्या 14 व्या शतकातल्या एका भित्तिचित्रावर त्यांनी लिहिलं आहे. वरून पवित्र आत्मा उतरतो आहे आणि खाली व्याकरण, अंकगणित, भूमिती, संगीत अशा विद्यांच्या पायाशी त्यांचे जाणकार बसले आहेत. त्यांत रोमन वक्ता सिसेरो आहे, ग्रीक गणिती युक्लिड आहे. हे काही ख्रिस्ती नव्हते. बाईंनी त्यातून घेतलं ते असं, की प्रत्येक विद्येचा खरा शिक्षक पवित्र आत्माच आहे. म्हणून गणिताच्या पानावर वचनं चिकटवून ते ख्रिस्ती करायची गरज नाही. गणित नीट शिकवा. बायबलचा पाठ रोज घ्या, पण तोही वाचून सांगण्याच्या रीतीनेच. लगेच प्रवचन जोडू नका.

"हे शिकलेल्या, सुखवस्तू घरांचं काम," असं काहीजणी म्हणतात. 1914 मध्ये यॉर्कशरमधल्या ड्रिग्लिंग्टनच्या सरकारी शाळेत खाणकामगारांच्या मुलांना हाच अभ्यासक्रम दिला गेला आणि त्यांनीही तो आपलासा केला.

दहावीची काळजी आत्तापासून नको, त्यासाठी एनआयओएस, म्हणजे राष्ट्रीय मुक्त शालेय शिक्षण संस्था, आहे. सत्र मात्र नेमाने पाळा: 11 आठवडे धडे, बाराव्या आठवड्यात परीक्षा. आधी उजळणी घेऊ नका. "जोसेफाची गोष्ट सांग", "या सत्रात पाहिलेल्या एका पक्ष्याबद्दल सांग", असे मोकळे प्रश्न विचारा. मुलाचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्या, तारीख घाला आणि पुढच्या सत्रात कशावर जोर द्यायचा ते त्या कागदांवरूनच ठरवा.