आखाजीच्या सुट्टीआधी घरातल्या फोनची तयारी

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात, भाचे-पुतणे गोळा होतात, आणि जळगाव-धुळ्याच्या त्या उन्हात भरदुपारी पोरं बाहेर तरी कुठे जाणार? ओसरीवर एक फोन आणि त्यावर चार डोकी. म्हणून पापड-कुरडयांच्या धांदलीतच एक संध्याकाळ फोनसाठी राखून ठेवा.

पोरांना समजावणं नंतर, आधी फोन हातात घ्या. बऱ्याच घरांत पोरगं ज्या फोनवर रील बघतं त्यातच वडिलांचं बँकेचं सिम असतं. केळीचे पैसे, कापसाचे पैसे, पीएम किसानचा हप्ता, सगळ्यांचे मेसेज आणि ओटीपी तिथेच येतात. हे वेगळं करता आलं तर अर्धं काम झालं. यूपीआय वापरत नसाल तर बँकेचं सिम जुन्या बटणांच्या फोनात टाका. वापरत असाल तर सिम त्याच फोनात लागतं, मग यूपीआयला जोडलेल्या खात्यात महिन्याच्या खर्चापुरतेच पैसे ठेवा. आणि यूपीआयचा पिन बदला. तो पोराला पाठ असतो, कारण आजवर पोरगाच तुमच्यासाठी तो टाकत आलाय. नवा पिन स्वतः टाकायला शिका. पिन पैसे देताना लागतो, घेताना कधीच लागत नाही, एवढं आजीलाही सांगून ठेवा.

मग सेटिंगमध्ये जाऊन अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची परवानगी बंद करा. व्हॉट्सॲपला आणि ब्राउझरला ती वेगवेगळी दिलेली असू शकते, दोन्हीकडे बघा. हे दिवस लग्नसराईचे, आणि लग्नपत्रिकेच्या नावाने एपीके, म्हणजे ॲप बसवणारी, फाइल पाठवायची युक्ती आता जुनी झाली. चलानाच्या आणि पीएम किसानच्या नावानेही येते. खरी पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, ती उघडायला ॲप बसवावं लागत नाही. चुकून बसवलंच तर इंटरनेट बंद करा, सिम काढा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

व्हॉट्सॲपचं काम पाच मिनिटांचं: टू-स्टेप व्हेरिफिकेशनचा सहा आकडी पिन लावा, ग्रुपमध्ये फक्त ओळखीच्यांनाच जोडता येईल असं करा आणि ‘लिंक्ड डिव्हाइसेस’मध्ये परका संगणक दिसला तर काढून टाका.

इन्स्टाग्रामवर जन्मसाल खरं आहे का बघा. तेरा वर्षांची अट चुकवायला पोरं स्वतःला वीस वर्षांची करून टाकतात, आणि मग अल्पवयीनांसाठीचं संरक्षण त्यांना मिळत नाही. वय खरं असेल तर अकाउंट आपोआप खासगी होतं, अनोळखी माणसाला थेट मेसेज करता येत नाही आणि सोळाच्या आतल्या पोराला हे नियम सैल करायला पालकांची परवानगी लागते. लहानांच्या फोनवर पालकांना लक्ष ठेवता यावं म्हणून गुगलचं फॅमिली लिंक ॲप आहे. पण ते लपूनछपून बसवू नका, पोराला शेजारी बसवून बसवा.

आता खरी तयारी. तिला ॲप लागत नाही, पण बहुतेक घरांत हीच राहून जाते. पोरांसमोर स्पष्ट म्हणायचं: काहीही घडलं तरी सांग, फोन काढून घेणार नाही. हे बापाने स्वतः म्हणावं, आईच्या तोंडून निरोप नको. मुलींच्या बाबतीत तर फोनबरोबर कॉलेजही बंद होईल ही भीती असते, आणि फोटो पसरवीन म्हणणारा त्या भीतीवरच जगतो. अशी धमकी आली तर पैसे द्यायचे नाहीत. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसायचं नाही, नंबर आणि प्रोफाइलसह स्क्रीनशॉट घ्यायचे, मग ब्लॉक. पुरावा म्हणून तो फोटो काका-मामांना पाठवू नका. अठराच्या आतल्या मुलाचं अश्लील छायाचित्र पुढे पाठवणं हाच मुळात आयटी कायद्याच्या कलम ६७ ब खाली गुन्हा आहे. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी पोर्टलवर महिला-मुलांसंबंधीची तक्रार नाव न देताही करता येते. ‘टेक इट डाउन’ ही मोफत सेवाही आहे: फोटो कुठे पाठवावा लागत नाही, फोनमध्येच त्याचा डिजिटल ठसा बनतो आणि सहभागी कंपन्या त्यावरून तो शोधून काढतात.

पत्त्यांचं काय? आखाजीचा डाव घरोघरी बसतो, त्यावर मी काय बोलणार! पण तो डाव उठतो, सगळे जेवायला जातात. फोनवरची रमी रात्री दोनलाही चालूच असते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये बंदीचा कायदा केला, त्यामुळे आता टेलिग्रामवरून तशी लिंक आली तर बुडालेल्या पैशांसाठी दाद कुठे मागणार?

सुरतेला किंवा पुण्याला गेलेल्या पोराच्या आवाजात पैशांसाठी फोन येऊ शकतो. आवाजाची नक्कल आता सोपी झालीय. घरापुरता एक प्रश्न ठरवा, आपल्या बोलीतलाच, ‘आखाजीले झोका कोठे बांधेल व्हता?’ असा. उत्तर फोनवर कुठेही लिहू नका. आणि पोलिसाच्या वेशात कोणी व्हिडिओ कॉलवर ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणालं तर सरळ कट करा, कायद्यात असली अटकच नाही.

शेवटी एक पुठ्ठा घ्या आणि कॅलेंडरच्या मागे लावा. फसवणुकीत पैसे गेले तर १९३० ला फोन, लगेच, उद्या नाही. पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी अडवता आले तरच मिळायची आशा. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक (यूटीआर), रक्कम आणि वेळ हाताशी ठेवा. मुलांसाठी १०९८, जिवावर बेतलं तर ११२. त्याखाली प्रत्येक फोनचा आयएमईआय, म्हणजे ओळख क्रमांक, लिहा, *#०६# डायल केलं की दिसतो. फोन हरवला तर संचार साथी या सरकारी पोर्टलवर तो बंद करून घेता येतो. तिथेच तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत तेही बघा, आणि ओळखीचं नसलेलं दिसलं तर त्याच ठिकाणी कळवून टाका.