मराठी विकिपीडियावर नवे आहात? या चुका टाळा

दर फेब्रुवारीत मराठी विकिपीडियावर नव्या सदस्यांची लाट येते. २७ तारखेला मराठी भाषा गौरव दिन, त्यानिमित्त कुठल्या ना कुठल्या कॉलेजात संपादन कार्यशाळा, आणि संध्याकाळी ‘अलीकडील बदल’ (ताज्या संपादनांची यादी) उघडले की त्याच त्या चुका नव्या नावांनी हजर. मार्च उजाडेपर्यंत यातले बरेचसे गायब होतात. लेख उडालेले असतात आणि ‘तिथे जुन्यांची दादागिरी चालते’ हे मत तेवढं कायमचं बसलेलं असतं. दादागिरी कधीमधी असते, नाही म्हणत नाही. पण बहुतेकांचे लेख तिच्यामुळे उडालेले नसतात.

ते उडतात कॉपी-पेस्टमुळे. वर्तमानपत्रातला, संस्थेच्या संकेतस्थळावरचा मजकूर उचलायचा, चिकटवायचा, आणि कोणी हटकलं की म्हणायचं, ‘खाली साभार लिहिलंय की!’ व्हॉट्सॲपने लावलेली सवय, दुसरं काय. साभार लिहिल्याने परवानगी मिळत नाही. आपल्याकडे १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क शाबूत राहतात. कुसुमाग्रज १९९९ साली गेले, म्हणजे त्यांच्या कविता २०५९ संपेपर्यंत हक्काखाली. आणि नेमकी त्यांच्याच जन्मदिनी कोणीतरी त्यांची अख्खी कविता लेखात टाकतं. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन २०११पासून मोकळं आहे. पण तेही पूर्ण चढवायचं तर त्याची जागा विकिस्रोत हा मुक्त ग्रंथसंग्रह, विकिपीडिया नाही. ‘सरकारी आहे म्हणजे सगळ्यांचं’ हाही गैरसमजच. सरकारी प्रकाशनांनाही कॉपीराइट असतो.

हे एवढं ताणून का धरायचं? कारण इथला मजकूर कोणीही, अगदी धंद्यासाठीसुद्धा, नाव देऊन आणि त्याच अटींवर वापरू शकतो. दुसऱ्याचा परिच्छेद इथे आणून टाकला की तो आपण परस्पर जगाला वाटून टाकतो.

माझी पद्धत अगदी घरगुती आहे. संदर्भ नीट वाचायचा, टॅब बंद करायची, चहा टाकायचा, आणि मग जे आठवेल ते आपल्या शब्दांत लिहायचं. तारखा आणि आकडे तेवढे पुन्हा उघडून ताडायचे. वाक्यातले दोन शब्द इकडचे तिकडे करून कोणी फसत नाही, तेवढे सगळे हुशार आहेत.

दुसरी चूक प्रेमापोटी होते, म्हणून जास्त त्रास देते: आपलं गाव. एका गावाच्या पानाचं सांगतो. नाव सांगत नाही, मंडळी अजून भांडत असतील. मूळ लेख चार ओळींचा होता: तालुका, जिल्हा, २०११च्या जनगणनेतली लोकसंख्या, जवळची नदी. एका नव्या सदस्याने भर घातली: ‘निसर्गरम्य डोंगराच्या कुशीत वसलेल्या या गावाला कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान असे सरपंच लाभले आहेत.’ थेट फ्लेक्सवरून उतरवलेली भाषा. दोन दिवसांनी दुसऱ्या एकाने ‘कार्यसम्राट’ खोडून ‘माजी’ केलं. पहिल्याने ते उलटवलं, दुसऱ्याने पुन्हा उलटवलं. मग गाडी जत्रेचा पहिला मान कोणत्या घराण्याचा यावर घसरली. पानाच्या इतिहासात, म्हणजे बदलांच्या नोंदीत, मजकूर वाढल्या-घटल्याच्या हिरव्या-लाल आकड्यांची रांग लागली आणि त्या हाणामारीत कधीतरी बिचारी लोकसंख्याही उडाली. चर्चा पानावर मी छापील संदर्भ मागितला. उत्तर आलं, ‘संदर्भ कशाला? गावात कोणालाही विचारा.’ शेवटी प्रचालकांनी, म्हणजे जादा अधिकार असलेल्या सदस्यांनी, पानाला कुलूप लावलं आणि लेख पुन्हा चार ओळींवर आला.

वाईट याचं वाटतं की त्या पहिल्या गड्याला गावातल्या जुन्या बारवेची खरोखर माहिती होती. भांडणाच्या मधल्या एका संपादनात त्याने दोन वाक्यं लिहिली होती: पायऱ्या किती, शिलालेख कुठल्या बाजूला. त्याने बारवेचे स्वतः काढलेले फोटो विकिमीडिया कॉमन्स या मुक्त चित्रसंग्रहावर चढवले असते, जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्ये गावाचा उल्लेख शोधला असता, तर त्या पानाचं सोनं झालं असतं. मुंबई इलाख्याची एकोणिसाव्या शतकातली गॅझेटियरं इंटरनेटवर फुकट वाचायला मिळतात. पण ती चाळायला एक अख्खी दुपार जाते, आणि दुपार घालवायची कोणाची तयारी नसते.

आजोबा, गुरुजी, स्वतःचा कवितासंग्रह यांवरच्या लेखांनाही हेच लागू. स्वतःवर लेख लिहू नका. एवढंच.

बाकीचं भराभर. काय बदललं ते सांगायची ‘सारांश’ची चौकट रिकामी सोडू नका, ‘शुद्धलेखन’ एवढा एक शब्दही चालतो. चर्चा पानावर लिहिलं की शेवटी ~~~~ टाकून सही करा, लेखात मात्र सही नको. आधी झलक पहा, मग प्रकाशित करा. एकेका वेलांटीसाठी दहा संपादनं करून इतिहास भरवू नका. यंत्राने केलेलं भाषांतर तसंच ठेवू नका, नाहीतर माणसं नदीच्या बँकेवर बसून मासे पकडायला लागतात. आणि हजार अक्षरं लिहिल्यावर तीन हजारांचा आकडा दिसला तर घाबरू नका. तो बाइट्सचा असतो आणि देवनागरीतलं एकेक चिन्ह तीन बाइट्स खातं.

पहिल्याच दिवशी नवा लेख काढायची घाई तर मला कळतच नाही. धूळपाटी, म्हणजे सरावाचं पान, कशासाठी दिली आहे? मी नव्या माणसाला सांगतो, महिनाभर फक्त ‘संदर्भ हवा’ लिहिलेली वाक्यं शोध आणि संदर्भ दे. दहातले आठ जण हे ऐकून पळतात. उरलेले दोघे टिकतात.

तुमचं संपादन कोणी उलटवलंच, तर तडक चावडीवर, म्हणजे सगळ्यांच्या चर्चेच्या पानावर, जाऊन ठणाणा करू नका. इतिहासात जा, उलटवणाऱ्याने सारांशात काय लिहिलंय ते वाचा, त्याच्या चर्चा पानावर विचारा आणि एखादा दिवस थांबा. तोही नोकरी-धंदा सांभाळून फुकटच राबतोय. उलटवलेला मजकूर इतिहासात शाबूत असतो. पानच वगळलं गेलं असेल तर तो फक्त प्रचालकांना दिसतो, पण विनंती केली तर तुमच्या धूळपाटीवर परत मिळू शकतो. कॉपी-पेस्टचा असेल तर मात्र मागू नका, मिळणार नाही.