हंगामातले नर रेडकू: पहिले तीन महिने दूध, पुढे वैरण, शेवटी वजन

पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून थंडीपर्यंत आपल्याकडे बहुतेक म्हशी वितात. वगार झाली की गोठ्यात आनंद असतो. नर झाला की त्याच दिवसापासून त्याच्या वाट्याचे दूध कमी होते. उघड कुणी मारत नाही, पण अर्धपोटी ठेवलेले रेडकू महिना-दीड महिन्यात हगवणीने किंवा जंताने जाते आणि ‘जगले नाही’ एवढ्यावर विषय मिटतो. हे अमानुष तर आहेच, पण हिशेबालाही धरून नाही. रेडकू गेलेली म्हैस पान्हा चोरते. मग दूध उतरवणाऱ्या ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनचा नाद लागतो आणि म्हशीच्या पुढच्या गाभण राहण्यावरही संकट येते.

म्हणून या हंगामासाठी सल्ला असा: नर रेडकू ठेवायचे असेल तर नीट ठेवा आणि किती ठेवायचे ते आजच ठरवा. घरची वैरण असलेल्या दोन-तीन एकरांच्या शेतकऱ्याने दोन ते चार ठेवावीत. वैरण विकत आणून मांसासाठी टोणगा वाढवणे परवडत नाही. त्याचा आकडा पुढे मांडला आहे.

चीक

रेडकू जन्मल्यापासून तासाभरात पहिला चीक पोटात गेला पाहिजे. वार (जार) पडेपर्यंत म्हैस पिळायची नाही, ही समजूत अजून अनेक गावांत आहे. तिने आजवर असंख्य रेडके घालवली आहेत. रोगप्रतिकारक द्रव्ये चिकातून आतड्यावाटे रक्तात जातात. ती वाट पहिल्या बारा तासांत झपाट्याने अरुंद होते आणि दिवसभरात जवळपास बंद होते. उद्या पाजलेला चीक अन्न म्हणून उपयोगी पडेल, संरक्षण म्हणून नाही. उलट रेडकू कासेला लागले की वार पडायलाही मदत होते. पहिल्या दिवशी वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पाजा. तीस किलोच्या रेडकाला तीन लिटर, पण दोन-तीन वेळा विभागून.

नाळ पोटापासून दोन इंचांवर स्वच्छ दोऱ्याने बांधून पुढे कापा आणि टोक टिंक्चर आयोडीनमध्ये बुडवा. हेच पुढचे दोन-तीन दिवस करा. नाळ सडली की सांधे सुजतात आणि रेडकू उठत नाही.

दूध किती, आणि बचत कुठे

पहिला महिना वजनाच्या दहाव्या हिश्शाइतके, दुसरा पंधराव्या, तिसरा विसाव्या हिश्शाइतके दूध, हे प्रमाण चालते. साधारण रोज तीन लिटर, मग अडीच, मग दोन. तीन महिन्यांत सव्वादोनशे लिटरच्या आसपास दूध जाते. डेअरी लिटरला साठ रुपये देते असे धरले तर तेरा-साडेतेरा हजार रुपये. शेतकऱ्याचा हात आखडतो तो इथेच, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही.

बचत जरूर करा, पण पहिल्या महिन्यात नको. दुसऱ्या आठवड्यापासून मूठभर काफ स्टार्टर (रेडकाचा पहिला खुराक) आणि कोवळा, वाळवलेला लसूणघास तोंडाशी ठेवा. रेडकू चाटता चाटता खाऊ लागते आणि त्याचे पोट रवंथासाठी तयार होते. स्टार्टर रोज अर्धा किलो संपू लागला की दूध उतरवायला हरकत नाही. तिसऱ्या आठवड्यानंतर दुधाऐवजी मिल्क रिप्लेसर (दुधाला पर्यायी भुकटी) द्यायचा असेल तर सात-आठ दिवसांत हळूहळू बदल करा. एका वेळी बदललात तर हगवण ठरलेली.

स्टार्टर घरीही होतो: मका भरडा ५० किलो, भुईमूग पेंड ३०, गव्हाचा कोंडा १७, खनिज मिश्रण २ आणि मीठ १ किलो. पावसात भिजलेली, बुरशीचा वास येणारी पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी रेडकाला घालू नका. बुरशीचे विष यकृतावर जाते. युरिया किंवा युरिया प्रक्रिया केलेली वैरण सहा महिन्यांच्या आत अजिबात नको.

जंत आणि हगवण

म्हशीच्या रेडकात गोल जंत आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे गोठा कितीही स्वच्छ असला तरी ते चुकत नाहीत. पंधरा दिवस ते महिन्याच्या वयात शेण मातकट-पांढरट आणि घाणेरड्या वासाचे होते, पोट सुटते, केस राठ होतात. तोवर थांबू नका. दहाव्या ते चौदाव्या दिवशी पहिले जंतनाशक, बहुधा पायपेराझीन, पशुवैद्यकाने वजनावर काढलेल्या मात्रेत द्या. पुढे सहा महिन्यांपर्यंत त्यांच्या सल्ल्याने दर महिन्याला. सगळ्या कामांत सर्वात स्वस्त आणि सर्वात जास्त फळ देणारे काम कोणते, असे विचाराल तर मी हेच सांगेन.

हगवण लागली की दूध तोडण्याची पद्धत आहे. तसे करू नका. रेडकू मरते ते अंगातले पाणी गेल्याने. दूध थोडे थोडे चालू ठेवा आणि दोन दुधांच्या मधल्या वेळेत क्षारांचे पाणी पाजा. पाकीट हाताशी नसेल तर उकळून कोमट केलेल्या एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. डोळे खोल गेले, कान गार पडले किंवा शेणात रक्त दिसले, तर मात्र घरगुती उपायात वेळ घालवू नका, डॉक्टरांना बोलवा.

थंडीत उघड्यावर ओल्या जमिनीवर बांधलेल्या रेडकाला फुफ्फुसदाह होतो. खाली उसाचे पाचट किंवा भाताचा पेंढा आणि वाऱ्याच्या बाजूला गोणपाट एवढे केले तरी पुरते. पाचट रोज हलवा, ओले काढा. याच दिवसांत लांब केसांत उवा होतात. केस कापा आणि औषध दुपारच्या उन्हात, डॉक्टरांनी सांगितले तेवढेच लावा.

लसीकरण

ऑक्टोबरात जन्मलेल्या रेडकाला लाळ-खुरकुताची पहिली लस चौथ्या महिन्यात, म्हणजे फेब्रुवारीत येते. महिन्याने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. घटसर्प आणि फऱ्या मे महिन्यात, पावसाआधी. सांसर्गिक गर्भपाताची लस फक्त मादी वासरांना असते, नराला टोचू देऊ नका.

सहा महिन्यांनंतरचा हिशेब

सहा महिन्यांचे नीट वाढलेले रेडकू ऐंशी-नव्वद किलोचे असते. पुढे रोज अर्धा किलो वाढ धरली तर महिन्याला पंधरा किलो. दिवसाला दोन किलो खुराक, किलोला तीस रुपये धरा: महिन्याचे अठराशे. म्हणजे वाढलेल्या प्रत्येक किलोमागे एकशे वीस रुपये नुसते खुराकाचे, त्यात वैरण आणि मजुरी वेगळी. तुमच्या बाजारातला जिवंत वजनाचा भाव याच्या शेजारी लिहून पाहा. विकतच्या सुग्रास पशुखाद्यावर टोणगा पोसणाऱ्याचे पैसे कुठे जातात ते लगेच दिसेल.

हा खुराक एक किलोवर आणायचा तर द्विदल चारा घरचा हवा, आणि त्याची वेळ आत्ताच आहे. लसूणघास ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरा, एकरी दहा-बारा किलो बियाणे. पहिली कापणी दोन महिन्यांनी, मग दर पंचवीस-तीस दिवसांनी. पाच गुंठे लसूणघास, बांधावर शेवरी-सुबाभूळ आणि कडब्याची कुट्टी असेल तर दोन-तीन रेडके चालतात. कुट्टी केली नाही तर बराचसा कडबा पायाखाली जातो. खनिज मिश्रण रोज तीस ग्रॅम, मीठ आणि पोटभर पाणी कधीही चुकवू नका. ज्वारीचे कोवळे किंवा पाण्याच्या ताणावर असलेले फुटवे मात्र चारू नका. किरळ (कोवळ्या ज्वारीतले विष) लागून उभे जनावर तासाभरात जाते. फुलोऱ्यानंतरची ज्वारी घाला.

खच्चीकरणाची घाई नको, न केलेला टोणगा वेगाने भरतो. वर्षानंतर त्याला वगारींपासून वेगळा बांधा.

विक्री

गिऱ्हाईक एकाच प्रकारचे नसते. आई जातिवंत पंढरपुरी, मुऱ्हा किंवा जाफराबादी असेल आणि तिच्या दुधाची नोंद तुमच्याकडे लिहिलेली असेल, तर चांगला नर रेतनासाठी मागितला जातो. तो मांसाच्या भावात देऊ नका. कोकणात भाताच्या चिखलणीला काही ठिकाणी अजून रेडे लागतात. बाकीचे मांसासाठी जातात. बकरी ईदसाठी घेणाऱ्याला दोन वर्षे पूर्ण झालेले, अंगावर खोट नसलेले जनावर लागते आणि तो दात पाहूनच बोलतो. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. २०२६ ते २०२८ या तीन वर्षांत ती मे महिन्यात आहे, म्हणजे वैरण संपत आलेल्या दिवसांत. या हंगामात जन्मलेले रेडकू कोणत्या ईदला दोन वर्षांचे होते ते मोजून ठेवा.

अंदाजाने विकू नका. व्यापारी दिवसाला पन्नास जनावरे पाहतो, त्याची नजर तुमच्यापेक्षा पक्की असते. त्याला उत्तर म्हणजे शिंप्याची टेप. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि खांद्याच्या टोकापासून शेपटीजवळच्या हाडापर्यंतची लांबी इंचांत मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०, हे किलोतले अंदाजी वजन. घेर ६० आणि लांबी ५० असेल तर सुमारे २७३ किलो. यातून मांस साधारण निम्मे निघते. व्यापाऱ्याच्या डोक्यात तोच आकडा असतो, तुमच्याही असू द्या. जवळ वजनकाटा असेल तर त्यावर चढवणे सर्वात उत्तम. घोडेगावच्या शुक्रवारच्या किंवा सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात एकदा रिकाम्या हाताने फिरून भाव ऐकून या. मग दारात आलेल्या दलालाशी बोलणे सोपे जाते.

कागद सांभाळा. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल आणि वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. म्हैसवर्गावर सरसकट बंदी नाही, पण म्हशी आणि रेडके यांच्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. तीन महिन्यांच्या आतले कोणतेही जनावर कत्तलीला चालत नाही. म्हणून ‘चार दिवसांचे आहे, पाचशे रुपये घ्या’ म्हणत येणाऱ्याच्या हाती रेडकू देऊ नका. कानात बारा अंकी बिल्ला लहानपणीच मारून घ्या. १ जून २०२४ पासून राज्यात बिल्ल्याशिवाय खरेदी-विक्री आणि वाहतूक चालत नाही. गाडीत भरण्याआधी पशुवैद्यकाचा दाखला घ्या. मालवाहू गाडीत सहापेक्षा जास्त मोठी जनावरे भरू देऊ नका. गाडी रस्त्यात अडवली गेली तर प्रश्न आधी बिल्ल्याच्या नोंदीत ज्याचे नाव आहे त्याला विचारला जातो.

बाजार समितीच्या आवारात विकले तर पावती घ्या, आणि पैसे हातात येईपर्यंत जनावराचे दावे सोडू नका. त्याच आठवड्यात पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन भारत पशुधन या जनावरांच्या नोंदीच्या सरकारी प्रणालीवर मालकी खरेदीदाराच्या नावे करून घ्या.