बॉल पायथन उंदराला तोंड लावत नाही? आधी खोलीचा पारा बघा

बॉल पायथन म्हणजे घरी पाळला जाणारा छोटा, बिनविषारी अजगर. त्याने दोनदा उंदीर नाकारला की लोक घाबरून रोज नवा उंदीर पुढे नाचवतात. त्याने साप आणखी बुजतो. धडधाकट, वयात आलेला बॉल पायथन काही महिने उपाशी राहिला तरी खंगत नाही. केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर सापाची नोंदणी, त्याची पेटी, तापमान आवरणारा थर्मोस्टॅट हे तुम्ही केलंच असेल.

आठवड्यातून एकदा वजन करून वहीत लिहा. डोळे दुधाळ झाले असतील, म्हणजे कात टाकायची असेल, तर उंदीर दाखवूच नका. लपायला दोन जागा द्या, अंगाला घासतील इतक्या अरुंद.

आता खरी अडचण. साप खात नसेल तर ‘हीट वाढवा’ हा सल्ला सगळे देतात, पण तो थंड मुलखातला आहे. मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा ४२-४४ अंशांवर जातो, वरच्या मजल्याच्या भिंती रात्री दहालाही भाजतात. पेटीची गरम बाजू ३१-३३ आणि गार बाजू २५-२७ अंश हवी. इथे गार बाजूच ३५ला टेकते. साप पाण्याच्या भांड्यात बसून राहतो, भूक कुठली लागणार? पेटीखालचं गरम करणारं हिटिंग पॅड बंद करा, कूलर लावा, पण झोत पेटीवर नको. कोरड्या हवेत त्याने दमटपणाही वाढतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही, आणि मीही इथेच सगळ्यात जास्त अडलो. हा साप वरच्या ओठावरच्या खळग्यांनी ऊब ओळखतो. खोलीच ३८ अंशांवर असेल तर कोमट करून दिलेला उंदीर त्याला वेगळा जाणवणार कसा? म्हणून उन्हाळ्यात खोली गार करून, रात्री उशिरा किंवा पहाटेच खायला द्या.

गोठवलेला उंदीर रात्रभर फ्रिजमध्ये सुटू द्या. मग प्लास्टिकच्या पिशवीत घालून गरम पाण्यात ठेवा. मायक्रोवेव्ह अजिबात नको, पोट फुटतं. पोट दाबून बघा. आत गार लागलं तर पुन्हा पाण्यात. शेवटी फक्त डोकं जरा जास्त गरम करा आणि अंग कोरडं पुसा. लांब चिमट्याने पाठीला धरून डोकं सापाकडे करा, लपणाच्या तोंडाशी हळू हलवा. नाकावर आपटू नका. झडप घातली की चिमटा सोडा, दिवा घालवा, खोलीबाहेर जा. त्या क्षणी मोबाईल काढणाऱ्यांचे साप उपाशी राहतात. नाही घेतला तर रात्रभर तिथेच ठेवा, सकाळी फेकून द्या. पुढचा प्रयत्न आठवड्याने. खाल्ल्यावर दोन दिवस हात लावू नका.

जिवंत उंदीर पेटीत सोडून झोपायला जाणं म्हणजे सापाला कुरतडायला देणं. घरात पकडलेला उंदीर तर नकोच, त्याने विष खाल्लेलं असू शकतं.

वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तोंड उघडं टाकून श्वास चालला किंवा तोंडाशी बुडबुडे दिसले तर वाट बघू नका. तालुक्याच्या दवाखान्यात बहुतेक गाई-म्हशीच येतात, तेव्हा सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर कुठे आहे ते आधीच विचारून ठेवा.